बॅकयार्डमधलं पर्सिमनचं झाड ठेवू का तोडू? आणि एवढ्या फळांचं करायचं काय?

केतकी_फ्रिमाँट

नमस्कार मंडळी, बागकामातल्या जाणकारांची मदत हवी आहे. या उन्हाळ्यात आम्ही कॅलिफोर्नियात फ्रिमाँटला एक जुनं घर घेतलं, मागच्या अंगणात कुंपणाला लागून एक मोठं झाड आहे, घर बघायला आलो तेव्हा नुसतीच जाड चकचकीत हिरवी पानं होती म्हणून कसलं झाड आहे ते विचारलंही नाही. आता ऑक्टोबर संपता संपता पानं लालकेशरी झालीत आणि आत लपलेली फळं एकदम दिसायला लागली, शेकड्याने आहेत. शेजारच्या चिनी आजी म्हणाल्या पर्सिमन.

सध्या सासूसासरे तासगावहून आलेत. बाबांची तिकडे द्राक्षबाग आहे त्यामुळे ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या झाडाखाली जाऊन फांद्या बघत असतात. परवा आईंनी एक छान केशरी झालेलं फळ तोडून कापलं, सगळ्यांनी एक एक फोड तोंडात टाकली आणि बापरे, इतकं तुरट की जिभेला आणि घशाला जी मिठी बसली ती पाणी पिऊन, गूळ खाऊनही सुटेना. दिसायला मात्र फळ पूर्ण पिकलेलं होतं. लेक तर आता त्या झाडाखालून जातसुद्धा नाही.

गवत कापायला जो माणूस येतो तो म्हणतो काढून टाका, फळं पडून घाण होते, उंदीर येतात, खारी येतात. नवऱ्यालाही तेच पटतंय कारण तिथे त्याला मुलांसाठी झोपाळा लावायचाय. बाबा म्हणतात एवढं फळ धरणारं झाड तोडायचं नाही, आधी माहिती काढा. मलाही तोडवत नाही. तर ही जात मुळातच तुरट असते का, का आम्ही लवकर तोडलं, आणि गोड होत असेल तर इतक्या फळांचं तुम्ही लोक काय करता? आणखी एक, बाबांना डायबेटिस आहे, त्यांनी खाल्लं तर चालेल का? एक फांदी ओझ्याने तडकली आहे तिचंही काय करायचं सांगा.

सनीवेलचा_माळी

केतकी, सगळ्यात आधी, झाड तोडू नका!! पुढचं सगळं वाचेपर्यंत तरी कुणाला करवत घेऊन अंगणात जाऊ देऊ नका.

फळाचा आकार सांगा. आपल्या बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) जुन्या घरांत दोनच जाती जास्त करून दिसतात, हाचिया आणि फुयू. फुयू चपटं असतं, टोमॅटोच्या घाटाचं, ते कडक असतानाच सालीसकट कापून करकरीत खायचं. हाचिया लांबट, खाली टोकदार. तुमच्या वर्णनावरून मला ९९ टक्के हाचिया वाटतंय. हाचिया केशरी झालं म्हणजे पिकलं असं नाही, रंग आधी येतो आणि गोडी नंतर, कधी कधी महिनाभरानंतर.

कारण असं आहे की हाचियाच्या गरात विरघळणारं टॅनिन भरपूर असतं, ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं म्हणून तोंड असं आखडतं. फळ पिकत जातं तसं आत अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं द्रव्य तयार होतं, त्याने टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचा मोठा न विरघळणारा गठ्ठा होतो. टॅनिन कुठे जात नाही, फळातच असतं, पण विरघळत नाही म्हणून जिभेला लागत नाही. हे एकदा समजलं की या झाडाबद्दलचं अर्धं कोडं सुटतं.

आता करायचं काय, तर आपल्याकडे आंब्याची आढी घालतो तसंच. पूर्ण केशरी झालेली पण कडक फळं कात्रीने कापून काढा, ओढून तोडू नका, देठाची ती चार पानांची टोपी फळावरच राहिली पाहिजे, ती निघाली की तिथून फळ सडतं. खोक्यात वर्तमानपत्र घालून टोप्या खाली करून एका थरात ठेवा, शेजारी एखादं सफरचंद किंवा पिकलेलं केळं ठेवा आणि रोज हात लावून बघा. सगळी एकदम पिकत नाहीत हे उत्तम, रोज दोनचार मिळत राहतात. फळ हातात घेतल्यावर पाणी भरलेल्या फुग्यासारखं लागलं, साल जवळजवळ पारदर्शक झाली, आता हे टाकून द्यावं असं वाटलं, की त्या दिवशी ते खायचं. टोपी काढून चमच्याने. जरासुद्धा टणक भाग राहिला असेल तर थांबा.

घाई असेल तर कडक फळ रात्रभर फ्रीझरमधे ठेवून दुसऱ्या दिवशी बाहेर काढा, वितळलं की बराचसा तुरटपणा गेलेला असतो. पोत मऊ होतो पण चव चांगली लागते.

तडकलेल्या फांदीबद्दल नंतर लिहितो, आता मीटिंग आहे. फोटो टाका.

वैनगंगा

ही चर्चा वाचून एकदम गोंदिया आठवलं. केतकीताई, हे फळ तुम्हाला परकं वाटत असेल पण याची सख्खी बहीण आपल्या विदर्भाच्या जंगलात आहे, टेंभुर्णी, म्हणजे तेंदू. ज्याची पानं विड्या वळायला लागतात तेच झाड. दोघांचाही वंश डायोस्पायरॉस. आमच्याकडे मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम चालू असतो, सगळं गाव पहाटे जंगलात, आणि त्याच सुमारास टेंभरं पिकतात. लहान, पिवळसर, साल जाड, आत चिकट गोड गर आणि मोठ्या बिया. आणि कच्चं टेंभरू खाल्लं तर अगदी तुम्ही लिहिलंय तसंच, तोंड धरून बसतं. आमच्या आजीचा नियम होता, झाडावरचं तोडायचं नाही, खाली पडलेलं उचलायचं.

त्या फळाखालच्या चार पानांच्या टोपीचा फोटो काढा आणि टेंभराच्या फोटोशेजारी ठेवून बघा, लगेच नातं कळेल. बाबांना जरूर दाखवा.

केतकी_फ्रिमाँट

फोटो टाकलेत. लांबट, खाली टोक आहे, म्हणजे हाचियाच ना? वैनगंगा, बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते म्हणाले टेंभुर्णी नावाचं गाव सोलापूर रस्त्यावर कितीदा ओलांडलं पण झाड कधी पाहिलं नाही. आता त्यांनी गराजमधे आढी घालायला घेतली आहे, माझ्या नवऱ्याच्या शर्टांचे खोके रिकामे करून.

बाबांचा प्रश्न: जूनमधे झाडाखाली हिरव्या लहान फळांचा सडा पडला होता, आम्ही नुकतेच राहायला आलो होतो म्हणून पाण्याचं काहीतरी चुकतंय असं वाटून रोज पाणी द्यायला सुरुवात केली. ती गळ कशामुळे? द्राक्षात ते विरळणी करतात तशी इथे करायची असते का?

खुरपं_आणि_खोरं

विरळणीचा प्रश्न विचारणाऱ्या बाबांना माझा नमस्कार सांगा, अगदी मुद्द्याचा प्रश्न आहे. मी नॉर्थ कॅरोलायनात असतो, इथे माझ्याकडे जपानी पर्सिमनची कलमं आहेत आणि मागच्या रानात अमेरिकन जातीची आपोआप उगवलेली झाडं आहेत.

जूनची गळ थोडीफार नैसर्गिकच असते, झाडाला झेपतील तेवढी फळं ठेवून बाकीची ते स्वतःच टाकतं. यात बऱ्याच फळांना परागीभवन झालेलंच नसतं, बी नसलेली फळं धरतात, अशी फळं जरा ताण आला की आधी गळतात. गळ वाढवणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे जास्त नत्र आणि पाण्याचा लहरीपणा. लॉनला खत घालताना ते झाडाच्या मुळापर्यंत जातं हे लोकांच्या लक्षात येत नाही. रोज थोडं थोडं पाणी नको, आठवड्याने वगैरे पण खोल मुरेल असं द्या, मोठ्या झाडाची मुळं खोल असतात. आळ्यात लाकडाच्या चिप्सचं जाड आच्छादन घाला, फक्त खोडाला टेकवू नका.

नैसर्गिक गळ थांबली की उरलेल्यांची विरळणी करा, एका डहाळीवर एक किंवा दोन फळं, बाकी काढून टाका. जीव कासावीस होतो पण केलीच पाहिजे. दोन कारणं. एक, पर्सिमनचं लाकूड कठीण असलं तरी फांद्या ओझ्याने लवचिकपणे वाकत नाहीत, तटकन मोडतात, तुमची तडकली तशी. दुसरं म्हणजे एका वर्षी भरमसाठ फळ आलं की पुढच्या वर्षी झाड रुसतं, एकाआड एक वर्ष बहर पडायला लागतो.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर, गोल्फच्या ज्या काठ्यांना वुड म्हणतात त्यांची डोकी १९८० च्या दशकापर्यंत अमेरिकन पर्सिमनच्याच लाकडाची असायची, मग धातूची आली. आबनूसही याच वंशातलं.

छाटणी करताना एक लक्षात ठेवा, फळ नव्या फुटीवर येतं आणि ती फूट गेल्या वर्षीच्या डहाळीच्या टोकाकडच्या डोळ्यांतून निघते. सगळी टोकं सरसकट छाटली तर पुढच्या वर्षी फळ नाही. म्हणून गर्दी करणाऱ्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुंध्यापासून काढायच्या, उरलेल्यांची टोकं तशीच ठेवायची.

आणि इथे सगळे सांगतात की दहिवर (थिजलेलं दव, फ्रॉस्ट) पडल्याशिवाय पर्सिमन गोड होत नाही. ते खरं नाही. थंडीआधीही फळ झाडावर पूर्ण मऊ झालं तर गोडच असतं, फक्त दोन्ही गोष्टी एकाच सुमाराला होतात म्हणून लोकांनी संबंध जोडला.

पद्मजा_पी

मी हॉस्पिटलमधे फार्मसिस्ट आहे, डायबेटिसचा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून लिहिते.

केतकी, एका मध्यम फळात (साधारण १६८ ग्रॅम) जवळजवळ ३१ ग्रॅम कार्ब्ज असतात, त्यात २१ ग्रॅम साखर आणि ६ ग्रॅम फायबर. म्हणजे विष नाही, पण "फळच आहे, चालतं" असं म्हणून दोन तीन हाचिया एका बैठकीत खाण्यासारखंही नाही. अर्धं फळ, जेवणाचा भाग म्हणून, त्या दिवशी भात किंवा पोळी कमी करून, आणि नंतर शुगर तपासून बघायची. सुकवलेल्या फळात पाणी उडालेलं असतं त्यामुळे लहान तुकड्यातही साखर भरपूर, तिथे जास्त जपायचं.

याहून महत्त्वाची गोष्ट जी फार लोकांना माहीत नाही. अर्धकच्ची तुरट पर्सिमन जास्त प्रमाणात आणि त्यातून उपाशीपोटी खाल्ली तर टॅनिनचा पोटातल्या अ‍ॅसिडशी संयोग होऊन फळाच्या तंतूंसकट घट्ट गोळा बनू शकतो, त्याला बेझोअर म्हणतात, आणि पर्सिमनचा गोळा इतर फळभाज्यांच्या गोळ्यांपेक्षा फार टणक असतो. तो विरघळवायला डॉक्टर कोला वापरतात हे खरं आहे, पण प्रत्येक वेळी त्याने भागत नाही, एंडोस्कोपी किंवा ऑपरेशनही लागू शकतं. धोका कुणाला जास्त, तर ज्यांच्या पोटाचं आधी ऑपरेशन झालंय त्यांना, आणि ज्यांचं पोट हळू रिकामं होतं त्यांना, जे जुन्या डायबेटिसमधे बऱ्याच जणांचं होतं. म्हणून बाबांना फक्त पूर्ण मऊ झालेलं फळ द्या, थोडं द्या, जेवणानंतर द्या. जेवल्यावर पोट फुगणं, लवकर भरल्यासारखं वाटणं अशी तक्रार असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. घाबरवायचं नाहीये, निरोगी माणसाने पिकलेलं फळ खायला काहीच हरकत नाही, मी स्वतः दर वर्षी वाट बघते.

ओसाकाकर

अरे वा, माझ्या आवडीचा विषय. मी बरीच वर्षं जपानात आहे, इथे या फळाला काकी म्हणतात आणि शरद ऋतू म्हणजे काकी असं समीकरण आहे. आमच्या जवळचे वाकायामा आणि नारा हे दोन्ही प्रांत काकीसाठी प्रसिद्ध, नोव्हेंबरमधे ट्रेनने गेलं की पानं झडलेल्या झाडांवर नुसती केशरी फळं दिसतात. नाराला काकीच्या पानात गुंडाळलेली सुशी मिळते, कच्च्या फळाच्या रसाला आंबवून काकीशिबू करतात, तो लाकडाला, कागदाला लावला की टिकतो आणि पाणी धरत नाही. म्हणजे ज्या तुरटपणाने तुमच्या घरच्यांचं तोंड धरलं तोच इथे शतकानुशतकं कामाला लावलाय.

इतक्या हाचियाचं काय करायचं याचं माझं उत्तर एकच, होशिगाकी, म्हणजे सुकवलेली अख्खी फळं. त्याला तुरट जातच लागते. फळ कडक असतानाच घ्यायचं. तोडताना देठासोबत डहाळीचा आडवा तुकडा ठेवायचा, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा, त्याला दोरी बांधता येते. टोपीची पानं कडेने कापून टाकायची, साल पूर्ण सोलायची, उकळत्या पाण्यात पाच दहा सेकंद बुडवून काढायची म्हणजे बुरशी कमी येते, आणि मग एका दोरीला दोन टोकांना दोन अशी बांबूवर टांगायची, एकमेकांना चिकटता कामा नयेत. जागा वाऱ्याची हवी, पाऊस लागू नये. आठवड्याभरात बाहेरून कातडी धरते, तेव्हापासून दर दोन तीन दिवसांनी प्रत्येक फळ बोटांनी हलकेच चेपायचं, आतला गर मोडायचा, पण कातडी फाटू द्यायची नाही. हे चेपणं टाळू नका, त्यानेच आतून सारखं सुकतं आणि साखर बाहेर येते. तीनचार आठवड्यांनी आत ओलसर मऊ असताना खाल्लं तर ते आनपोगाकी, अजून सुकू दिलं तर कडक होऊन वर पांढरी भुकटी येते. ती भुकटी फळाचीच साखर आहे, बुरशी नाही, कृपया कुणी धुवून टाकू नका. बुरशी हिरवी काळी आणि केसाळ दिसते, ती आली तर ते फळ टाका.

अडचण एकच, हवा उबदार आणि दमट असेल तर सडतात. तुमच्याकडे नोव्हेंबरात पाऊस लागला तर घरात आणून पंख्याखाली टांगा.

आणि फळ कडकच राहून गोड हवं असेल तर अजून एक जुना उपाय आहे, टोपी ३५ टक्क्यांच्या शोचू दारूत बुडवायची (तिकडे व्होडका चालेल), आणि फळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवायची. आठवडाभराने उघडून एक चाखून बघायचं, तुरट लागलं तर परत बंद.

इथे सगळी फळं काढत नाहीत, झाडाच्या शेंड्याला एखादं दुसरं ठेवतात. कोरियातही पक्ष्यांसाठी ठेवतात.

पुणेरी_गच्ची

छान धागा. होशिगाकी वाचून तोंडाला पाणी सुटलं. हल्ली ऑक्टोबर नोव्हेंबरात पुण्यात फळवाल्यांकडे जपानी फळ म्हणून हे दिसतं, महाग असतं, म्हणून विचारतोय, बाणेरला सोसायटीच्या आवारात लावलं तर येईल का? ऑनलाइन कलमं मिळतायत.

बियासकाठी

पुणेरी_गच्ची, मी नोकरीनिमित्त कुल्लूला राहते, तुम्ही जे जपानी फळ विकत घेता ते बहुतेक इथूनच आलेलं असतं. इथे सफरचंदाच्या बागांच्या कडेला आधी एखाद दुसरं झाड असायचं, आता खालच्या भागात जिथे थंडी कमी होऊन सफरचंद रडतखडत येतं तिथे लोक मुद्दाम जपानी फळाच्या बागा लावतायत. फुयू आणि हाचिया दोन्ही आहेत. सप्टेंबर अखेरीपासून तोड सुरू होते, माल दिल्लीला जातो आणि तिथून पुढे. काश्मीर, उत्तराखंड आणि दक्षिणेत कुन्नूरलाही होतं.

पण पुण्याबद्दल मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. याला सफरचंदाइतकी थंडी लागत नाही हे खरं, १०० ते २०० तास ७ अंशांच्या खाली पुरतात, पण पुण्यात तेवढी थंडी दर वर्षी हमखास मिळत नाही. झाड जगेल, पानं येतील, फळाची खात्री नाही. ऑनलाइनवाले कुंडीत फळांनी लगडलेला फोटो दाखवतात त्यावर पैसे घालवू नका असं माझं स्पष्ट मत. सोसायटीत मोठी जागा असेल तर आपली टेंभुर्णीच का लावत नाही? वाढ हळू आहे पण माती हवा तिची स्वतःची आहे.

सॅक्रामेंटोची_सुगरण

खाण्याबद्दल मी लिहिते, आमच्याकडे फुयू आणि हाचिया दोन्ही आहेत.

हाचियाचा गर पूर्ण पिकल्यावर चमच्याने काढून चाळणीतून गाळून घ्या आणि वाट्यावाट्यांनी फ्रीझ करा, वर्षभर पुरतो. चक्क्यात घालून वेलची आणि किंचित मीठ घातलं की श्रीखंड फार सुंदर होतं, साखर अगदी थोडी लागते. गराच्या निम्मं गार दूध घालून मिक्सरमधे फिरवा आणि वाटीत ओतून फ्रिजमधे ठेवा, जिलेटिन वगैरे काही न घालता वडीसारखं धरतं, गरातल्या पेक्टिनची आणि दुधातल्या कॅल्शियमची कमाल. मुलांसाठी हे आधी करून बघा, झाडाखालून जायला लागतील!

पण शिरा, केक, हलवा असं काही शिजवणार असाल तर सावध, थोडा जरी कच्चेपणा राहिला असेल तर गरम केल्यावर तुरटपणा परत वर येतो. कच्चा गर गोड लागला म्हणून शिऱ्यात घातला आणि सगळा शिरा तुरट, असं होतं. म्हणून इथल्या जुन्या पर्सिमन पुडिंगच्या आणि कुकीजच्या कृतींत खायचा सोडा असतो, त्याने तुरटपणा दबतो, रंग मात्र गडद तपकिरी होतो. इंडियानात तर मिचेल गावी या फळाचा दर वर्षी उत्सव भरतो, तिथे पुडिंगची स्पर्धा असते.

फुयू शेजारी कुणाकडे असेल तर अदलाबदल करा. फुयूची कोशिंबीर: बारीक फोडी, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, वरून हिंग जिऱ्याची फोडणी. कैरीच्या लोणच्याचा मसाला लावून ताजं लोणचंही होतं, पण आठवड्यात संपवायचं, ते मुरत ठेवायचं लोणचं नाही.

आणि होशिगाकी बघायची असेल तर जपानला जायला नको, आमच्या वरच्या बाजूला प्लेसर काउंटीत न्यूकॅसल, पेनरिन, लूमिस या भागात जपानी अमेरिकन शेतकऱ्यांनी ही पद्धत पिढ्यान् पिढ्या ठेवली आहे. १९४२ मधे, महायुद्धाच्या काळात, जपानी वंशाचे म्हणून या कुटुंबांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं होतं, काहींनी परत येऊन पुन्हा बागा उभ्या केल्या. तिथे सोलून टांगलेल्या फळांच्या रांगा बघितल्या की एवढी महाग का विकतात ते कळतं, प्रत्येक फळ हाताने चेपलेलं असतं. बाबांना जरूर घेऊन या, शेतकरी माणसाला ते बघून बरं वाटेल.

सनीवेलचा_माळी

उरलेलं लिहितो. उंदीर आणि खारींचा मुद्दा खरा आहे, पण उपाय झाड तोडणं नाही, पडलेलं फळ रोज उचलणं आणि फळं मऊ व्हायच्या आधी काढून घरात पिकवणं हा आहे. हाचियाचं नशीब असं की कडक असताना तुरटपणामुळे त्याला फारसं कुणी तोंड लावत नाही. तेवढा वेळ तुमचा. छताला आणि कुंपणाला टेकणाऱ्या फांद्या काढा, उंदीर त्यावरूनच येतात.

खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर पानांखाली पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड आहे का बघा, मुंग्या त्यांना राखतात. खोडाला कागदी पट्टी गुंडाळून त्यावर चिकट पदार्थ लावला की मुंग्या थांबतात आणि बाकीचं काम मित्रकीटक करतात. फवारणी शक्यतो नको.

फळं वाटण्याआधी एक बघा, बे एरियात अधूनमधून फळमाशीचं क्वारंटाइन लागतं, २०२३ मधे सँटा क्लारा काउंटीत ओरिएंटल फ्रूट फ्लायमुळे लागलं होतं. तुमचा भाग त्यात असेल तर घरची फळं आवाराबाहेर न्यायची नसतात, तिथेच खायची. काउंटीच्या कृषी खात्याच्या साइटवर नकाशा असतो.

आणि अहो, ही सगळी व्हॅली एकेकाळी जर्दाळू आणि प्रूनच्या बागांची होती, त्या बहुतेक गेल्या. जपानी पर्सिमनची कलमं १८७० च्या दशकापासून या देशात आली, आणि आज जुन्या परसांत जी झाडं उभी आहेत ती कुणीतरी पोटच्या पोरासारखी वाढवलेली आहेत. तुमचं झाड लावणाऱ्यानेही फळ खायला काही वर्षं धीर धरला असेल. झोपाळा दुसरीकडे लागेल.

केतकी_फ्रिमाँट

सगळ्यांचे किती आभार मानू. झाड राहणार, नवऱ्याने काल रात्री हा धागा पूर्ण वाचला आणि सकाळी स्वतःच झोपाळ्यासाठी दुसऱ्या बाजूला खांब रोवायची जागा मोजत होता.

आढीतली पहिली काही फळं काल मऊ झाली. आईंनी आधी बोटावर घेऊन चाखलं आणि मग काही न बोलता अर्धं फळ संपवलं. मुलाने पुडिंग खाल्लं, अजून मागितलं. बाबांना जेवणानंतर अर्धं दिलं, दोन तासांनी शुगर बघितली, ठीक होती, पद्मजा तुझे खास आभार, त्यांना पोट फुगण्याचा त्रास आहेच त्यामुळे सोमवारी डॉक्टरांना फोन करणार आहे, तोपर्यंत एवढंच. होशिगाकीसाठी त्यांनी मनापासून तयारी चालवली आहे, टी आकाराचे देठ ठेवून फळं काढलीत, सोलायचं काम आईंकडे. बियासकाठी, त्यांना कुल्लूच्या बागांबद्दल खूप विचारायचंय, तुम्हाला वेगळा मेसेज करते. शेजारच्या आजींना आमच्या भागात क्वारंटाइन नाही ना बघून खोकाभर नेऊन दिली तर त्यांनी त्यांच्याकडची फुयू दिली, कोशिंबीर आज रात्री.

फक्त तडकलेल्या फांदीचं राहिलं. बाबा म्हणतात आत्ताच कापू नये, त्यांची परत जायची तारीख जानेवारी अखेरची आहे आणि त्यांना ते काम स्वतः करायचंय. तोपर्यंत थांबलं तर चालेल का?

सनीवेलचा_माळी

बाबांचं बरोबर आहे. पानं पूर्ण झडून झाड झोपी गेल्यावर छाटणी करायची, जानेवारीत चालेल, पाऊस नसलेला दिवस बघा. आत्ता फक्त त्या फांदीवरची सगळी फळं उतरवून ओझं कमी करा आणि खालून एक टेकू द्या, म्हणजे तडा खोडापर्यंत जाणार नाही. कापताना आधी खालून थोडी खाच, मग वरून, आणि शेवटी बुंध्याजवळची गाठ शाबूत ठेवून खुंटी काढायची. जखमेला रंग वगैरे लावायचा नाही.

लांब दांड्याची करवत माझ्याकडे आहे. तारीख कळवा, मी घेऊन येतो.